दुसऱ्या दिवशी खोगीर चढवू नका: मेक्सिकोच्या दऱ्यांतली घोडेस्वारी आणि आजारपण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघं मित्र, दोघं पुण्यात आणि दोघं टेक्ससमध्ये. फेब्रुवारीच्या अखेरीस मेक्सिकोच्या चिवावा राज्यात क्रीलहून बातोपिलासला उतरायचं, तिथून उरीकेच्या दरीकडे जायचं, सगळं मिळून 21 दिवस, घोड्यांवरून. जनावरं आणि वाटाड्या तिथलेच. वाटेत माणूस किंवा घोडं आजारी पडलं तर काय करायचं, आणि औषधांच्या पेटीत काय असावं?

मी डॉक्टर आहे, माणसांचा. पहिली चार वर्षं रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, मग सीमेजवळ एल पासोला आलो. तिथून गेल्या चौदा वर्षांत सिएर्रा माद्रेच्या या दऱ्यांत आठ वेळा घोड्या-खेचरांवरून गेलोय. जनावरांचं जे थोडंफार कळतं ते तिथल्या आर्रिएरोंनी, म्हणजे खेचरं हाकणाऱ्यांनी शिकवलं.

पेटीचं नंतर सांगतो. आधी तुमच्या वेळापत्रकाबद्दल. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात 21 दिवसांत फक्त दोन विसाव्याचे दिवस आहेत, तेही दोन्ही बातोपिलासला. घोडं इथंच पेंड खातंय. या भागात माणूस आजारी पडतोच, त्यानं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा तो म्हणतो, "आता बरं वाटतंय, निघूया," आणि बाकीचे सुटल्यासारखे खोगिरं चढवायला लागतात.

माझ्या दुसऱ्या मोहिमेत हेच झालं. आमच्यात नाशिकचे एक इंजिनियर होते, वय 52, तब्येतीनं खणखणीत. एका रांचोवर, म्हणजे डोंगरातल्या शेतवस्तीवर, रात्रीतून त्यांना आठ-दहा जुलाब झाले. सकाळी थांबले होते. चेहरा उतरलेला, पण ताप नाही. मी त्यांना दोन पेले साखर-मिठाचं पाणी दिलं आणि निघायला होकार दिला. त्या दिवशी आमची वाट पठारावरून दरीत उतरणारी होती. दुपारपर्यंत आम्ही हजार-अकराशे मीटर खाली आलो, अंगातले स्वेटर सुटले, ऊन डोक्यावर आलं. मी त्यांच्या मागेच होतो. त्यांचा उजवा पाय रिकिबीतून निसटून नुसता लोंबकळत होता, आणि ते तो परत घालत नव्हते. मी हाक मारली तर "हो हो" म्हणाले, पण मान वळली नाही. पुढच्या वळणावर ते खेचराच्या मानेवरून घसरून खाली आले. खेचर जागच्या जागी थांबलं म्हणून वाचले; डाव्या हाताला मोकळा कडा होता.

जीभ लाकडासारखी कोरडी, नाडी 130, सकाळपासून लघवी नाही. त्या उतारावरच एका ओकच्या सावलीत दोन तास बसून चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. संध्याकाळी खालच्या रांचोवर पोचलो तेव्हा घरच्या बाईंनी काही न विचारता स्वतःची खाट रिकामी करून दिली. तीन रात्री तिथं होतो. मूत्रपिंडं सावरली, माणूस घरी आला. पण त्या सकाळचा होकार माझा होता, आणि तो चुकीचा होता. तेव्हापासून माझ्या मोहिमेत एक नियम आहे: जुलाब किंवा ताप थांबल्यावर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र खोगीर चढवायचं नाही. आणि हा निर्णय आजारी माणसानं घ्यायचा नाही. कोणी घ्यायचा ते निघण्यापूर्वी ठरवा. तुमच्या तक्त्यात किमान चार दिवस मोकळे सोडा, जागेचं नाव न लिहिता. वापरले गेले नाहीत तर उरीकेला नदीकाठी बसा.

हा भूभाग इतका कठीण का, ते नकाशावरच्या अंतरावरून कळत नाही. क्रील सुमारे 2,300 मीटरवर, पाइनच्या रानात. फेब्रुवारीत रात्री पाणी गोठतं. बातोपिलास साधारण 500 मीटरवर, दरीच्या तळाशी, जिथं आंबे आणि पपई होतात. म्हणजे दोन-तीन दिवसांत तुम्ही महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीहूनही गार हवेतून उतरून कोकणच्या उन्हाळ्यात जाता, आणि पुन्हा वर येता. शरीराला घाम येण्याची सवय नसते, पाणी पिण्याची आठवण राहत नाही. घोड्याच्या अंगावर तर वरच्या थंडीतले दाट केस असतात आणि ते घेऊनच त्याला खाली उतरावं लागतं. फेब्रुवारी-मार्च तुम्ही बरोबर निवडलाय. मे-जूनमध्ये खाली पारा चाळिशी ओलांडतो आणि झरे आटतात, जुलैपासून पावसानं वाटा वाहून जातात.

आता पोटाचं. पाण्याचा नियम एकच, तो मोडायचा नाही: प्रत्येक पाणी उकळायचं. झरा कितीही नितळ दिसला तरी वरच्या अंगाला शेळ्या असतातच. 2,000 मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथं खळखळ उकळी फुटल्यावर तीन मिनिटं, खाली एक मिनिट पुरतं. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांवर राहू नका; क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू त्यांना जुमानत नाही. आणि दात घासायचं पाणीही उकळलेलंच. चौघांपैकी एक तरी इथं चुकतो.

जुलाब झाले तर क्षारसंजीवनी. मेक्सिकोत सरकारी आरोग्य केंद्रांत 'विदा सुएरो ओराल' नावाची पुडी मिळते, एक पुडी एक लिटर पाण्यात. लहानशा गावातही 'सुएरो' म्हटलं की लगेच समजतं. माणशी दहा पुड्या घ्या. संपल्या तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी फक्त ट्रकच्या किंवा रेल्वेच्या प्रवासापुरती. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायचीच नाही. त्या वेळी ॲझिथ्रोमायसिन लागतं. हे भारतातून किंवा टेक्ससमधून डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. मेक्सिकोत 2010 पासून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकता येत नाहीत.

खाण्यात मला एकाच गोष्टीची खरी काळजी वाटते: रांचोवरचं ताजं चीज. बाई स्वतःच्या हातानं केलेला, पांढराशुभ्र, अजून ओला असलेला केसो पानावर ठेवते, आणि नाही म्हणणं जिवावर येतं. पण ते कच्च्या दुधाचं असतं, बहुतेकदा शेळीच्या, आणि त्यातून ब्रुसेलोसिस होतो. तो मोहिमेत कळतही नाही. दोन-चार आठवड्यांनी घरी संध्याकाळचा ताप, घाम आणि कंबरदुखी सुरू होते. मी सांगतो, "डॉक्टरनं मला दूध बंद केलंय." हे तिथं मानतात, वाईट वाटून घेत नाहीत. त्याऐवजी पिनोले मागून घ्या: भाजलेल्या मक्याचं पीठ, पाण्यात कालवून पितात. आपल्या सातूच्या पिठाची चव आठवेल. या दऱ्यांत राहणारे रारामुरी आदिवासी याच्या जोरावर दिवसदिवस पळतात. उकळलेल्या पाण्यात कालवलं तर आजाऱ्यालाही चालतं.

तापाबद्दल नीट वाचा, कारण इथं एक दिवसाच्या उशिरानं माणूस दगावतो. रांचोवर कुत्री असतात आणि कुत्र्यांवर गोचिड्या. चिवावा, सोनोरा या उत्तरेकडच्या राज्यांत तपकिरी गोचिडीतून 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर' होतो. नावावरून तो अमेरिकेतला वाटतो, पण मेक्सिकोत त्यानं जास्त माणसं जातात, कारण सुरुवातीला तो साध्या फ्लूसारखा दिसतो: ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ. मनगटांवर आणि घोट्यांवर ठिपके उमटतात ते बहुधा दोन-चार दिवसांनी, काहींना उमटतच नाहीत. औषध डॉक्सिसायक्लिन, आणि तपासणीची वाट न बघता ते सुरू करायचं असतं. विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरांना ही सवय असते. अशाच एखाद्या डॉक्टरकडून मात्रा लिहून घ्या. रोज संध्याकाळी एकमेकांच्या मानेमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचिडी शोधायच्या. लाज बाळगू नका. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. विडी लावणं, तेल ओतणं हे प्रकार नकोत. दरीच्या तळाशी डास आहेत, डेंग्यू असतो, तेव्हा तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन न देता पॅरासिटामॉलच द्या.

विंचवाबद्दल तुम्ही दोनदा विचारलंय. मी महाडच्या परिसरात काम केलेला माणूस, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून कोकणात लाल विंचवाच्या दंशानं जाणारे किती जीव वाचले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण ते ज्ञान जसंच्या तसं मेक्सिकोला नेऊ नका. आपला लाल विंचू हृदयावर आणि फुप्फुसांवर घाला घालतो. तिकडचा, सेंत्रुरॉइडेस जातीचा, मुख्यतः मज्जातंतूंवर: तोंडाभोवती मुंग्या, घशात केस अडकल्यासारखं वाटणं, लाळ, जिभेची थरथर, बुबुळं सैरभैर फिरणं. त्यावर मेक्सिकोतच बनणारी प्रतिविषाची लस आहे आणि ती विंचवांच्या भागातल्या आरोग्य केंद्रांत ठेवलेली असते. 'अलाक्रान', म्हणजे विंचू, एवढा एक शब्द पाठ करा. नुसतं दुखत असेल तर बर्फ आणि पॅरासिटामॉल पुरतं. वरच्यापैकी एकही लक्षण दिसलं की केंद्राकडे. बूट रात्री उलटे टांगा, सकाळी झटका. खोगिराखालची घोंगडी जमिनीवर पडलेली असेल तर तीही झटका. हे बहुतेक विसरतात.

मातीच्या भिंतींच्या जुन्या घरात झोपायची वेळ आली तर खाट भिंतीपासून हातभर लांब ओढा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. भिंतीच्या भेगांतून रात्री एक ढेकूण निघतो, चागास रोग पसरवणारा. मला विचाराल तर अंगणात तंबू ठोकलेला बरा.

आता जनावरं. चार माणसं, म्हणजे वाटाड्याची आणि सामानाची धरून सात-आठ जनावरं. त्यांच्यातलं एक अडलं की सगळी मोहीम अडते. तुम्ही 'घोडे' लिहिलंय, पण आर्रिएरोला विचारा; दरीत उतरताना तो खेचरच देईल, आणि ते घ्या. एकोणिसाव्या शतकात बातोपिलासची चांदी याच वाटांनी खेचरांच्या पाठीवरून चिवावा शहरापर्यंत जायची. खेचर दमलं की थांबतं. घोडं धन्याच्या टाचेखाली चालत राहतं आणि मग कोसळतं.

पहिली सवय लावून घ्या ती नाडी बघण्याची. घोड्याच्या खालच्या जबड्याच्या कडेवर, आतल्या बाजूनं बोटं सरकवली की बोरूएवढी शीर हाताला लागते. पहिल्यांदा ती बोटाखालून निसटते. घाई करू नका, अंगठा न लावता दोन बोटं हलकी टेकवून ठेवा. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके. चढ संपल्यावर वाढलेले असतील, पण अर्धा तास सावलीत उभं केल्यावरही साठीच्या वरच राहिले, तर त्या दिवसाचं चालणं संपलं. मग ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबा: पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी.

दुसरी सवय खोगीर उतरवताना. पाठ घामानं ओली असते. त्या ओल्या पाठीवर कुठं तळहाताएवढा कोरडा डाग दिसतोय का, ते पाहा. कोरडी जागा बघून नवखा खूश होतो, पण तिथं खोगिरानं एवढं दाबलंय की घामच फुटलेला नाही. उद्या तिथं सूज, परवा केस गळतील, चौथ्या दिवशी पाठ लागेल आणि मग ते जनावर महिनाभर कामातून गेलं. डाग दिसला त्याच संध्याकाळी घोंगडीची घडी बदला, खोगिराची जागा तपासा आणि दुसऱ्या दिवशी त्या जनावराला मोकळं चालवा. एक दिवस खोगीर न चढवण्याचा तो नियम जनावरालाही लागू आहे.

जखम लहान असली तरी सकाळ-संध्याकाळ उघडून पाहायची. मेक्सिकोनं 1991 मध्ये हद्दपार केलेली 'गुसानो बार्रेनादोर' ही माशी 2024 च्या नोव्हेंबरात दक्षिणेला चियापासमध्ये परत सापडली आणि 2025 मध्ये उत्तरेकडच्या नुएवो लेओनपर्यंत पोचली. तिच्या अळ्या जिवंत मांस पोखरत आत जातात. माणसाच्या जखमेतही पडतात. जखमेला घाण वास, पातळ रक्ताळ पाणी आणि आत हालचाल दिसली की वाटाड्याला ताबडतोब दाखवा.

दरीच्या तळाशी एखाद्या सकाळी घोड्याच्या मानेवरून किंवा खांद्यावरून सुकलेल्या रक्ताचा बारीक ओघळ आलेला दिसेल. आयाळ बाजूला केली की तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीची चकती उचलून नेल्यासारखी जखम. हा रक्तपिपासू वटवाघळाचा चावा. जनावराला एवढ्यानं काही होत नाही, पण हेच वटवाघूळ रेबीज पसरवतं. गुराढोरांत तो आजार पिसाळल्यासारखा न दिसता मागचे पाय लटके पडण्यातून दिसतो. म्हणून एक गोष्ट मनात कोरून ठेवा: लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या घोड्याच्या तोंडात 'काही अडकलंय का' म्हणून हात घालायचा नाही. निघण्यापूर्वी चौघांनीही रेबीजची आधीची लस, धनुर्वाताचा डोस, टायफॉइड आणि कावीळ-ए हे सगळं पूर्ण करा. घोड्यांबरोबर राहणाऱ्याला धनुर्वाताचा डोस लागतोच, लीद आणि उघडी जखम यांची गाठ रोज पडते.

पोटशुळाबद्दल: घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलेलं बाहेर यायला वाट नसते. पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, लोळण, लीद बंद होणं. कारण बहुतेकदा आपणच असतो: रोज मक्याचा कडबा खाणाऱ्या जनावराला दमलंय म्हणून प्रेमानं तोबराभर मका चारलेला असतो. चंदी बदलायची ती थोडीथोडी, आठवडाभर घेऊन. पाणी दिवसाला 30 ते 40 लिटर लागतं, म्हणून मुक्काम ठरवताना आधी त्यांचं पाणी बघा. पोटशुळाची सुई वाटाड्याकडे आहे का आणि त्याला ती देता येते का, हे क्रीललाच विचारून घ्या. स्वतः देऊ नका.

माणसाच्या ज्या दुखण्यापुढे पेटीचा काही उपयोग नाही, ते पोटाचं. बातोपिलासच्या चांदीच्या खाणी वाढवणारे अलेक्झांडर शेफर्ड, वॉशिंग्टन शहराचे एकेकाळचे गव्हर्नर, 1880 मध्ये त्या दरीत आले. पैसा, माणसं, खेचरांचे तांडे, कशाची वाण नव्हती. 1902 मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्यात ते तिथंच गेले. आज बातोपिलासपर्यंत रस्ता आहे, पण रस्त्यापासून तुम्ही दोन दिवस आत असाल तर अंतर तेव्हाइतकंच आहे. बेंबीजवळ सुरू झालेली कळ उजव्या कुशीत खाली सरकली, चालताना पाऊल टेकलं की दुखतंय, ताप आहे: सकाळची वाट न बघता बाहेर काढायचं. म्हणून रोजच्या मुक्कामाच्या नावापुढे एक रकाना करा, 'इथून गाडीरस्ता किती तास'. क्रीलपाशी 1961 मध्ये पूर्ण झालेली चिवावा-पॅसिफिक रेल्वे आहे, पण आणीबाणीत तिच्या वेळापत्रकावर विसंबू नका. पिकअप ट्रक कुणाकडे आहे ते प्रत्येक गावात आधी विचारा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हवंच, आणि ते चालवणारी किमान दोन माणसं. मोबाइलला रेंज आली तर आणीबाणीचा क्रमांक 911.

लहान गावातल्या 'सेंत्रो दे सालुद'मध्ये, म्हणजे आरोग्य केंद्रात, बहुधा एक तरुण डॉक्टर भेटेल. तिथं पदवीआधी वर्षभर समाजसेवा करावी लागते, त्यासाठी आलेला. आपल्या बंधपत्रावरच्या पोरांसारखाच एकटा, कमी औषधांत जमवणारा. त्याच्याशी आदरानं वागा. त्या भागात कुठला आजार सध्या फिरतोय हे त्याला माहीत असतं, आणि तुमच्या उरलेल्या सुएरोच्या पुड्या परतताना त्याच्याकडे द्या.

सुरक्षिततेबद्दल एवढंच: चिवावा, सिनालोआ आणि दुरांगो यांच्या सीमा मिळतात तो डोंगराळ टापू अफूच्या टोळ्यांचा आहे. 2022 च्या जूनमध्ये सेरोकावी गावच्या चर्चमध्ये दोन वृद्ध जेझुइट धर्मगुरूंना गोळ्या घातल्या गेल्या. तुमची उरीकेकडची वाट त्या भागाच्या जवळून जाते. वाटाड्या "आज नको" म्हणाला की कारण न विचारता थांबा. मोकळे दिवस त्यासाठीही आहेत.

पेटी तशी वर सांगून झालीच: सुएरो, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, चिमटा. त्यात ॲलर्जीची गोळी, पट्ट्या, जखम धुवायला मोठी सिरिंज आणि मांड्यांसाठी झिंकचं मलम घाला. मलम पहिल्या दिवसापासून लावा, सोलवटल्यावर लावून उपयोग नाही. जीन्स नकोत, जाड शिवण तिसऱ्या दिवशी रक्त काढते.

शेवटी तुमच्या चौथ्या मित्राचं. त्याचं वजन तुम्ही 104 किलो लिहिलंय. तिथली जनावरं 350 ते 400 किलोंची असतात आणि त्यांच्यावर वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार टाकू नये. म्हणजे 70 ते 80 किलो, त्यात खोगिराचेच 15. त्याला ही गोष्ट क्रीलला पोचल्यावर आर्रिएरोनं सांगण्यापेक्षा तुम्ही आत्ता सांगा. सगळ्यात मोठं खेचर त्याच्यासाठी आधीच बोलून ठेवा, तरीही उतार त्याला पायीच उतरावे लागतील आणि चढावरही बराचसा चालायला लागेल. म्हणजे आजपासून रोज सिंहगड, पाठीवर पाच किलो घेऊन. तो तयार नसेल तर बातोपिलासपर्यंत त्यानं गाडीनं यावं आणि तिथून पुढे नदीकाठच्या सपाट वाटेपुरतं तुमच्याबरोबर चालावं. तारखा पक्क्या झाल्या की सुधारलेला तक्ता पाठवा, मी मुक्कामांपुढचा रकाना भरून देईन.